रिलेची कॉइल जळलेली नाही, टोकाला गंजून तुटलीये

प्रति,
क्वालिटी डिपार्टमेंट आणि सेल्सचे साहेब,

नमस्कार. माझं नाशिकला अंबड एमआयडीसीत पॅनल बनवायचं काम आहे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यातल्या द्राक्षांच्या प्रीकूलिंग (तोडलेला माल लगेच थंड करणं) आणि कोल्ड स्टोरेजला आमचे कंट्रोल पॅनल जातात. त्यात तुमचे २४ व्होल्ट डीसीचे प्लग-इन रिले (कॉइलला वीज दिली की तिच्या चुंबकाने चालणारे स्विच) बरीच वर्षं लावतोय आणि आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. यंदाच्या सीझनला नवीन लॉटमधले रिले एकामागून एक बंद पडले, आणि तुमच्याकडून उत्तर आलं की ओव्हरव्होल्टेजमुळे कॉइल जळाली, वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं आहे ते सविस्तर लिहितोय, कृपया पूर्ण वाचा.

जळलेली कॉइल आम्हाला ओळखता येते साहेब. वास येतो, टेप करपते, वायरचं इनॅमल, म्हणजे वरचा इन्सुलेशनचा थर, काळं पडतं, वेढे आपसात शॉर्ट झाले की मीटरवर रेझिस्टन्स कमी दिसतो. यातलं एकही लक्षण इथे नाही. कव्हर काढलं तर टेप जशीच्या तशी, बॉबिन (वेढे गुंडाळायचं प्लास्टिकचं रीळ) स्वच्छ, वायर लालसर चकचकीत, पण मीटर लावला की ओपन, म्हणजे वायर कुठेतरी तुटलेली. मग भिंगाखाली धरलं. पॉझिटिव्हच्या पिनला वायरचं टोक गुंडाळून सोल्डर केलंय ना, तिथून एखाद मिलिमीटर पुढे एक बारीक हिरवा ठिपका आहे आणि त्या ठिपक्यात वायरच शिल्लक नाही. वरचा एक वेढा हळूच सोडवला, त्याचं इनॅमल खरवडलं आणि तिथून दुसऱ्या पिनपर्यंत मोजलं तर ६४५ ओहम आले, तुमच्या डेटाशीटमध्ये ६५० आहेत. म्हणजे आतले सगळे वेढे ठणठणीत, गेलंय ते फक्त टोक. ओव्हरव्होल्टेज आलं असतं तर आधी आतले, जिथे उष्णता साठते तिथले वेढे गेले असते.

आणि ओव्हरव्होल्टेज येणार कुठून? लाइन वरखाली होते हे खरं, पण कॉइलला एसएमपीएसमधून (पॅनलमधल्या डीसी पॉवर सप्लायमधून) रेग्युलेटेड २४ व्होल्टच मिळतात, प्रत्येक कॉइलवर डायोड आहे त्यामुळे बंद करतानाचा उलटा स्पाइकही नाही. २४ व्होल्टला ६५० ओहम म्हणजे ३७ मिलिअँपिअर, जेमतेम ०.९ वॅट.

खरा फरक कुठे आहे ते आम्हाला जुना रिले आणि नवा रिले शेजारी ठेवल्यावर कळलं. जुन्यात वायरचं टोक दुमडून, पीळ देऊन तीन-चार पदरी केलेलं होतं, पिनकडे जाताना थोडा ढील सोडलेला होता आणि वरून टेप. नव्यात एकेरी वायर, तीही ताणून, बॉबिनच्या कडेवरून सरळ पिनला, आणि पिनच्या बुडाशी फ्लक्सचा (सोल्डर धरावं म्हणून लावतात त्या रसायनाचा) चिकट पिवळट थर तसाच. केसाएवढी बारीक वायर ती. कॉइल तापली की बॉबिनचं प्लास्टिक तांब्यापेक्षा जास्त फुगतं, ताण सगळा त्या कडेवर येतो, तिथे इनॅमलला तडा जातो, मग ओलावा आणि फ्लक्स मिळून तिथे इलेक्ट्रोलिसिस चालू होतं आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं. हिरवा ठिपका त्याचाच. ही काही नवीन गोष्ट नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थ करायची पद्धत याचसाठी पडली, कॉइल आणि केबलचं तांबं जमिनीच्या मानाने निगेटिव्ह राहिलं की ते गंजत नाही. आमच्या पॅनलमध्ये पीएलसीचं (रिले चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचं) आउटपुट एनपीएन आहे, ते फक्त निगेटिव्ह बाजू जोडतं-तोडतं, म्हणजे रिले बंद असला तरी कॉइलवर पॉझिटिव्ह कायम असतो. असं वायरिंग सगळीकडे चालतं आणि तुमच्या डेटाशीटमध्ये त्याला कुठेही मनाई नाही.

साइटची हवा साधी नाही हे मी स्वतःच सांगतो. कोल्ड रूमच्या दारात आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, बाहेर एप्रिलमध्ये ४० डिग्री, दार उघडलं की पॅनलला घाम फुटतो, आणि द्राक्षाच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइडचे पॅड असतात, तो वायू ओलाव्यात मिसळला की ॲसिड होतं. पण जुन्या लॉटचे रिले त्याच पॅनलमध्ये, त्याच वायरिंगवर, त्याच हवेत आजही चालू आहेत! मग साइटला दोष कसा देता?

नुकसान कुणाचं होतं तेही बघा. रात्री रिले गेला, खोलीत थंड हवा फिरवणारा इव्हॅपोरेटरचा फॅन थांबला, आत शेतातून तापून आलेला माल भरलेला. त्या शेतकऱ्याला कॉइल, लॉट काही माहीत नसतं, तो मला फोन करतो, आणि वर्षभराच्या कष्टाच्या मालापुढे उभं राहून त्याला उत्तर मला द्यावं लागतं.

जाता जाता अजून एक. पुल-इन व्होल्टेज, म्हणजे रिले ओढायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज, तुम्ही २० डिग्रीला १८ व्होल्ट लिहिता, पण कॉइल ८५ डिग्रीला गेली की तांब्याचा रेझिस्टन्स पाव पटीने वाढतो आणि तोच आकडा साडेबावीसवर जातो. लांब केबल असेल तर मार्जिन उरतच नाही. तेव्हा गरम कॉइलचा आकडाही छापा.

नुसते रिले बदलून देऊन हा विषय मिटणार नाही, कारण तोच लॉट परत आला तर पुढच्या सीझनला परत हेच होणार. आधी तुमचा तो "जळाली" वाला रिपोर्ट मागे घ्या आणि तुटलेलं टोक मायक्रोस्कोपखाली बघून नवीन द्या. कोणत्या लॉट कोडपासून टोक एकेरी केलं ते कळवा, म्हणजे आम्ही बसवलेले रिले गोंधळ व्हायच्या आत काढून घेऊ. टोक परत पीळ देऊन, ढील ठेवून करा, फ्लक्स धुवा किंवा न गंजवणारा वापरा, आणि सोल्डर पॉटमधला वेळही तपासा, कारण लेड-फ्री सोल्डरमध्ये तांबं लवकर विरघळतं आणि इतकी बारीक वायर जास्त वेळ बुडाली की टोकाला अजून बारीक होते. ४० डिग्री आणि ९३ टक्के आर्द्रतेची डॅम्प हीट टेस्ट घेता ती कॉइलवर डीसी व्होल्टेज ठेवून घ्या, नुसती कपाटात ठेवून हा दोष दिसणार नाही. सील केलेलं मॉडेल असेल तर त्याचा रेट पाठवा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

खराब रिले, लॉट कोड, भिंगाखालचे फोटो आणि मीटरची रीडिंग सोबत पाठवतोय. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास आमच्या पुढच्या सीझनच्या ऑर्डरी सुरू होतात, त्याच्या आत लेखी उत्तर द्या, आणि ते उत्तर ज्याने कॉइल स्वतः उघडून बघितलीये त्याच्याकडूनच यावं.

आपला,
पॅनल बिल्डर, अंबड एमआयडीसी, नाशिक