लाँचच्या ग्लँडकडे कोण बघणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

उजनी धरणातल्या लाँचबद्दल आपल्या पेपरात अधूनमधून पत्रं येतात, लाइफ जॅकेट पाहिजेत, जास्त माणसं भरू नका, ते सगळं बरोबरच आहे, पण ज्या भोकातून पाणी रोजच्या रोज होडीत शिरतं त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही म्हणून हे पत्र. मी आधी गिरणीत फिटर होतो, गिरणी बंद पडली तसं अक्कलकोट रोड एमआयडीसीत पंप रिपेअरीचं काम धरलं, त्यामुळं ग्लँड आणि ग्लँड दोरी यातच माझी हयात गेली.

होडीचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर पाण्यात, मधला शाफ्ट तळातून आरपार जातो. शाफ्ट फिरायचा म्हणजे तिथं भोक आलंच आणि तेही पाण्याच्या पातळीखाली. ते पाणी अडवायची सोय अगदी आपल्या विहिरीवरच्या पंपासारखी, एक पितळी डबी, तिलाच ग्लँड म्हणतात, तिच्यात ग्रीस लावलेल्या विणलेल्या दोरीचे तीन-चार वेढे आणि वरून दाबायला नट. इंजिन चालू असताना ही दोरी थोडी गळलीच पाहिजे, मिनिटाला दोन-तीन थेंब, कारण त्या थेंबांवरच ती थंड राहते. हे ज्याला माहीत नाही तो थेंब दिसला की पाना लावतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

गेल्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला मेहुण्याकडे गेलो होतो. त्याची शिडाची जुनी फायबरची होडी आहे, २७ फुटी, वारा पडला की परत यायला छोटं डिझेल इंजिन. म्हणाला, "दाजी, ग्लँड लई गळतोय, तुम्ही एकदा बघा की." खाली वाकून बॅटरी मारली आणि घड्याळ लावून मोजलं तर उभ्या होडीत मिनिटाला साठ थेंब. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरा, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी. होडीच्या तळातला पंप ते उपसतो म्हणून कुणाला कळत नाही, आणि पंप चालतो बॅटरीवर, ती एक दिवस उतरली की झालं, होडी आहे त्या जागी बसते.

मी विचारलं, नट किती वेळा आवळलास? तर म्हणे दर महिन्याला थोडा थोडा. इंजिन चालू करून दहा मिनिटांनी डबीला हात लावला तर चटकाच बसला. आकडा घालून दोरी काढायला बसलो, वरचे दोन वेढे आले पण बुडातला वेढा जळून कोळशासारखा कडक झालेला, तो तुकड्या-तुकड्यानं खरवडून काढायला दीड तास गेला. बरेच जण इथंच चुकतात, जुना वेढा तसाच ठेवून त्यावर नवीन दोरी कोंबतात, मग ती टिकेल कशी? आणि आत शाफ्टवर नख फिरवलं तर नख अडकत होतं. शाफ्टला चरे पडले की कितीही भारी दोरी घाला, पाणी चऱ्यातून येणारच.

मग शाफ्ट बदलायचं ठरलं. उधाणाच्या भरतीला होडी काठाला घेतली, ओहोटीला ती कोरडी झाली, सुकाणू उतरवलं, कारण त्याशिवाय शाफ्ट मागं निघत नव्हता. कपलिंग, म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारा सांधा, मात्र गंजून शाफ्टला असं धरलेलं की ओढून काढायचा पुलर पण घसरला. मेहुणा हातोडा घेऊन आला, मी नको म्हटलं, गिअरबॉक्सच्या बेअरिंगला मार बसतो. शाफ्टला आवळून धरणारे बारके ग्रब स्क्रू काढले, कपलिंगच्या दोन चकत्यांच्या म्हणजे फ्लँजच्या मधे शाफ्टच्या तोंडावर एक बारका सॉकेट ठेवला, लांब बोल्ट घातले आणि चारी बोल्ट पाव-पाव फेरा आवळत गेलो. अर्ध्या तासानं 'कट्' आवाज आला आणि कपलिंग सुटलं. पंख्याजवळचं रबरी बेअरिंग पण पार खाल्लेलं, शाफ्ट हातानं वरखाली हलत होता. खरं दुखणं ते होतं, असा शाफ्ट नाचत राहिला तर दोरी चार महिन्यांत जाते, म्हणून तेही बदललं.

नवीन दोरी शाफ्टच्याच जाडीच्या पाइपवर गुंडाळून तिरकी कापली, एकेक वेढा वेगळा, आणि सांधे एकाखाली एक येऊ दिले नाहीत. होडी पाण्यात तरंगल्यावर कपलिंगच्या दोन फ्लँजमधे फट मोजायचा पातळ पट्ट्यांचा फिलर गेज घातला, कारण काठावर टेकलेल्या होडीचा तळ थोडा वाकतो, तिथं जुळवलेलं पाण्यात जुळत नाही. चार इंची फ्लँजला वर-खाली चार थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक नको. मेहुण्याला दोरीऐवजी रबरी बेलोजवालं (घड्यांच्या रबरी नळीचं) मेकॅनिकल सील पाहिजे होतं, ते चांगलंच असतं, थेंबही गळत नाही, पण त्याचं रबर ठरलेल्या मुदतीत बदललं नाही आणि फाटलं तर पाणी एकदम येतं. दोरी बिघडली तरी हळूहळू सांगून बिघडते, माझं मत दोरीचंच. आता इंजिन चालू असताना मिनिटाला तीन थेंब आणि बंद असताना एकही नाही.

हे सगळं सोलापूरच्या पेपरला कशाला, तर दिवाळीत करमाळा तालुक्यातल्या एका धक्क्यावरून लाँचनं पलीकडं इंदापूरच्या बाजूला गेलो. पायाखालची फळी हलत होती म्हणून उचलून बघितली तर खाली घोटाभर पाणी, आणि ग्लँडवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधलेला. एक पोरगं डब्यानं पाणी काढत होतं. चालकाला विचारलं तर म्हणाला, "काका, रोजचंच हाय." लाँचमधे बायका, लहान लेकरं, दोन मोटारसायकली. पैलतीर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती वाऱ्यानं उलटली, ग्लँडचा तिथं संबंध होता असं मी म्हणत नाही. पण तळात पाणी साठलेली होडी वाऱ्यानं जरा कलली की ते सगळं पाणी धावत खालच्या बाजूला जातं आणि तिला अजून कलवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, कळेल. त्यामुळं तळातलं पाणी आहेच, वारा कधी येतो एवढंच बाकी, असं आपण कसं चालवून घ्यायचं?

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात होड्यांची नोंदणी आणि तपासणी आहे. तपासणीला येणाऱ्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे की फक्त जॅकेटं मोजू नका, फळ्या उचलायला लावा, इंजिन गिअरमधे टाकून पंधरा मिनिटं चालू ठेवा, डबीला हात लावा, थेंब मोजा, पंख्याला धरून शाफ्ट हलवून बघा. आणि लाँचवाल्यांना सांगतो, बहुतेक उन्हाळ्यात उजनी मायनसमधे जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरतं, तेव्हा होड्या आपसूक गाळात टेकतात, आपण टँकरची वाट बघत बसतो पण शाफ्ट काढायला त्याच्यासारखी वेळ नाही, क्रेन नको का भाडं नको. दोरीला फार पैसे लागत नाहीत. कुणाला घालता येत नसेल तर मी स्वतः येऊन शिकवतो, माझी हत्यारं घेऊन येतो, एसटीचं तिकीट पण माझं मीच काढीन. माझा नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवलाय, मे महिन्यातला कुठलाही रविवार सांगा.

आपला,
एक निवृत्त फिटर, सोलापूर