छापलेला आकडा पाळा, नाहीतर स्पीकर परत घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बुकशेल्फ स्पीकरच्या जोडीबद्दल खोक्यावर छापलेली चुकीची माहिती, आणि तीन फोन करूनही न झालेले निवारण

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे तिसरे बोलणे झाले. ते संपल्यावर पाच मिनिटांच्या आत, मला न विचारता, माझी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला. ती निकाली निघालेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. स्पीकर आपण बनवता, तेव्हा इम्पीडन्स म्हणजे स्पीकरचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, आणि तो जितका कमी तितका स्पीकर चालवणाऱ्या यंत्रावर भार जास्त, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही असे मी धरून चालते. आपल्या केंद्राला मात्र ते तीनदा समजावून सांगावे लागले.

ही जोडी मी घाईने घेतलेली नाही. एकाच जोडीवर सिनेमाही पाहायचा आणि गाणेही ऐकायचे, बसायची जागा स्पीकरपासून तीन मीटरवर, ठेवायला तीस सेंटिमीटर खोलीचे कप्पे आणि कप्प्यांच्या मागे लगेच भिंत, एवढ्या मर्यादेत मला निवड करायची होती. दुकानातल्या मोठ्या दालनात ऐकलेला आवाज घरच्या खोलीत तसाच येत नाही, म्हणून माझ्यासारख्या ग्राहकाला शेवटी छापलेल्या आकड्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. लहान खोका, खोलवर जाणारा खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हा हॉफमन यांचा नियम मला माहीत आहे, त्यामुळे अशक्य असे मी काही मागितलेले नव्हते. बीबीसीने १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी तयार केलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा वाजतो तो आकडा, जेमतेम ८३ डेसिबलच्या आसपास आहे, हे कोणी कधी लपवले नाही आणि तरीही लोक तो आजवर जपून वापरतात. लहान असण्यात कमीपणा नाही. जे आहे ते सांगितले असते तर मी त्या हिशेबाने निवड केली असती.

आपल्या खोक्यावर चार गोष्टी ठळक छापल्या आहेत: सेन्सिटिव्हिटी ८९ डेसिबल, इम्पीडन्स ८ ओहम, आवाजाची खालची मर्यादा ४८ हर्ट्झ आणि ‘भिंतीलगत ठेवण्यास योग्य’. या चार गोष्टींवर मी इतर दोन जोड्या बाजूला सारल्या. माझ्या रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना शक्ती पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, मागे स्पीकर ६ ते १६ ओहमचेच जोडावेत असे स्पष्ट छापलेले आहे, त्यामुळे ८ ओहम हा आकडा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता.

पहिल्या आठवड्यातच सिनेमातल्या मोठ्या आवाजाच्या प्रसंगांत रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला. आधी मला वाटले की तारेचा एखादा धागा सुटून दुसऱ्या टोकाला टेकत असेल. चारही जोड पुन्हा सोलून घट्ट आवळले, रिसीव्हरच्या वरची जागा मोकळी केली, तरी तेच. शेवटी माहितीपुस्तिकेच्या अखेरच्या पानावर, तळाशी, डोळ्यांना ताण देऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत ‘किमान इम्पीडन्स ३.५ ओहम’ ही नोंद सापडली. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पीकरचा इम्पीडन्स छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ ओहमच्या खाली उतरू शकत नाही. ३.५ ओहमपर्यंत उतरणारा स्पीकर ४ ओहमचाच म्हणावा लागतो. मी स्वतः मल्टिमीटर लावून पाहिले. तारा काढून दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलवर मोजल्यावर रोध ३.३ ओहम आला. आपल्या कारखान्यातही मल्टिमीटर असणारच.

एवढ्यावर हे थांबत नाही. सेन्सिटिव्हिटी आपण २.८३ व्होल्टला मोजली आहे असे त्याच पानावर आहे. हा विद्युतदाब ८ ओहममध्ये १ वॉट देतो, पण ४ ओहममध्ये २ वॉट. म्हणजे आपला ८९ हा आकडा एका वॉटचा नसून जवळपास दोन वॉटचा आहे, आणि एका वॉटला हाच स्पीकर ८६च्या आसपास येतो. तेवढाच आवाज काढण्यासाठी माझ्या रिसीव्हरला दुप्पट विद्युतप्रवाह पुरवावा लागतो, तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. रिसीव्हर बिघडलेला नाही; तो आपले काम चोख करतो आहे.

आता कालच्या संभाषणाविषयी, कारण त्याचाच मला सर्वांत जास्त त्रास झाला. अठरा मिनिटे थांबल्यावर आपल्या प्रतिनिधीने फोन घेतला. मी किमान इम्पीडन्सची नोंद वाचून दाखवली, पान क्रमांक सांगितला, रिसीव्हरवरचा मजकूर सांगितला. त्यांनी विचारले, “मॅडम, आवाज येतोय ना?” मी म्हटले, येतो, आणि मग रिसीव्हर बंद पडतो. त्यावर, “मग आवाज थोडा कमी ठेवून बघा.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यांनी मला थांबायला सांगितले, कोणाशी तरी बोलले आणि परत येऊन म्हणाले की, स्पीकरच्या मागच्या भोकात एखादे कापड कोंबा, म्हणजे सगळे ठीक होईल. मी फोन चालू ठेवून तेही केले. मऊ सुती कापडाची घडी त्या भोकांत, म्हणजे दोन्ही पोर्टमध्ये, घातली, तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले आणि त्यांना सांगितले की खर्जाची तार आता जवळजवळ ऐकूच येत नाही. पोर्ट बुजवल्याने भिंतीजवळची घुमघुम कमी होते, पण रिसीव्हरवरचा भार त्याने हलका होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार झाला. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, इतकं बारीक कोण ऐकतं?”

मी ऐकते. ऐकण्यासाठीच मी हे स्पीकर घेतले. ज्या कंपनीचा सगळा व्यवसाय माणसांच्या बारीक ऐकण्यावर चालतो, तिच्या माणसाने ग्राहकाला हा प्रश्न विचारावा, याचे मला अजूनही वाईट वाटते. त्या प्रतिनिधीवर माझा राग नाही, कारण त्याला कोणी काही शिकवलेलेच नाही हे त्याच्या प्रत्येक वाक्यातून दिसत होते. त्याला त्या खुर्चीवर ज्यांनी तसेच बसवले, त्यांच्यावर माझा राग आहे.

खर्जाचा विषय निघालाच आहे, तर ४८ हर्ट्झबद्दलही लिहिते. पुस्तिकेत या आकड्यापुढे ‘उणे १० डेसिबल’ अशी नोंद आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत आवाजाची शक्ती एक दशांशावर आलेली असते. उणे ३ डेसिबलची, म्हणजे शक्ती निम्म्यावर येण्याची, मर्यादा आपल्याच आलेखावर ७४ हर्ट्झला दिसते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झचा असतो, म्हणजे तो या मर्यादेच्याही खाली येतो. सिनेमाच्या वेळी ८० हर्ट्झखालचे काम सबवूफरकडे, म्हणजे खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे, सोपवता येते, पण गाणे ऐकताना मी सबवूफर बंद ठेवते, आणि त्या वेळी खर्ज या दोन खोक्यांनीच सांभाळायचा असतो. ४८ वाचून मी निश्चिंत झाले होते. उणे १० ही नोंद खोक्यावर नाही, पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका पैसे भरल्यानंतरच हातात पडते.

‘भिंतीलगत ठेवण्यास योग्य’ याबद्दल एवढेच विचारते: पोर्ट मागच्या बाजूला ठेवून आणि तो बुजवण्यासाठी फोमचा साधा तुकडाही सोबत न देता हे वाक्य कोणी लिहिले?

ज्या गोष्टीमुळे मी हे प्रकरण सोडणार नाही, ती आता लिहिते. माझ्या दुसऱ्या फोननंतर आपल्या संकेतस्थळावरचा ‘८ ओहम’ हा मजकूर बदलून ‘४ ते ८ ओहम’ असा झाला आहे. चूक कळली म्हणूनच ती दुरुस्त केली ना? मग तिसऱ्या फोनवर माझ्याच रिसीव्हरमध्ये दोष आहे असे मला का सांगितले गेले? ८ ओहम छापलेला खोका माझ्याकडे आहे आणि जुन्या पानाची छापील प्रतही आहे. दोन्हींची छायाचित्रे, मल्टिमीटरवरच्या आकड्याचे छायाचित्र आणि बिलाची प्रत सोबत जोडत आहे.

आपल्याच कंपनीची जुनी जोडी माझ्याकडे अकरा वर्षे होती. तिच्या मागच्या पट्टीवर ४ ओहम असे स्वच्छ लिहिलेले होते आणि खर्जाच्या आकड्यापुढे उणे ३ डेसिबल असे खोक्यावरच छापलेले होते. त्याच विश्वासावर मी पुन्हा आपल्याकडे आले. ती जोडी मी एका विद्यार्थिनीला दिली, याची आता रोज आठवण होते.

माझ्या मागण्या अशा आहेत. ही जोडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बदली जोडी नको, कारण तिच्या खोक्यावरही हेच आकडे असतील. खोक्यावरचा इम्पीडन्सचा आकडा दुरुस्त करावा, आणि ज्यांनी ही जोडी आधीच घेतली आहे त्यांना तसे कळवावे, कारण त्यांच्यापैकी कोणाचा रिसीव्हर वेळेत बंद न पडता जळूही शकतो. माझी तक्रार परस्पर बंद कोणी केली, याचे लेखी उत्तर द्यावे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत असे झाले नाही, तर मी हीच कागदपत्रे घेऊन ग्राहक न्यायालयात दाद मागेन. चौथा फोन मी करणार नाही.

दोन्ही स्पीकर मूळ खोक्यात, मूळ वेष्टनासह बांधून ठेवले आहेत. पोर्टमधले कापड काढून घेतले आहे. ते नेण्यासाठी माणूस कोणत्या दिवशी पाठवणार, तेवढे लेखी कळवावे.

आपली,
एक जुनी ग्राहक