‘७० टक्के डायकास्ट’ फिगरमधील कमी धातू, निसटणारा खुबा आणि पावलावरील वाढती भेग याबाबत तक्रार

छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : मार्चमधील बिल, पहिली ई-मेल आणि त्यावर आलेले आपले उत्तर

महोदय,

आपल्याकडून ₹७,४९९ ला घेतलेली १/१२ प्रमाणातली, १६ सेंमी उंचीची धातूची फिगर (हलत्या सांध्यांची छोटी मूर्ती) सदोष आहे. पहिल्या तक्रारीला ‘आपल्या भागात उन्हाळ्यात तापमान जास्त असते, त्यामुळे धातू प्रसरण पावला असावा’ असे उत्तर आले. म्हणून या वेळी मोजमापे घेऊनच लिहीत आहे.

आधी वजन. खोक्यावर ‘७० टक्के डायकास्ट’ (म्हणजे साच्यात दाबाने ओतलेला धातू) असे ठळक छापले आहे. ते वजनाने की आकारमानाने, याचा उल्लेख कुठेच नाही. अशा फिगरसाठी वापरतात त्या झिंकच्या (जस्ताच्या) मिश्रधातूची घनता सुमारे ६.६ आणि एबीएस प्लास्टिकची १ पेक्षा जराशी जास्त. त्यामुळे वजनाने ७० टक्के धातू असला, तरी आकारमानाने तो जेमतेम २७ टक्के भरतो. तरीही तुमच्या सोयीचा, म्हणजे वजनाचाच अर्थ धरला. सराफी काट्यावर अख्खी फिगर ३१० ग्रॅम भरली. त्यात धातूचे भाग एवढेच : छातीची पाटी ४२, दोन्ही पावले मिळून ५२, कंबरेचा तुकडा २४. बेरीज ११८ ग्रॅम, म्हणजे ३८ टक्के.

पोटऱ्यांवरची चिलखते धातूसारखी चमकतात, पण ती धातूची नाहीत. तपासायची रीत सोपी आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा, भाग दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवायचा, आणि कोरड्या वजनाला वाढलेल्या आकड्याने भागायचे. चिलखत कोरडे ९.१ ग्रॅम, बुडवल्यावर काटा ८.३ ने चढला, घनता १.१. क्रोमचा रंग चढवलेले प्लास्टिक, दुसरे काही नाही. छातीच्या पाटीला हाच हिशेब लावला, तर ४२ भागिले ६.४, म्हणजे जवळपास ६.६ येते. ती पाटी खरी आहे, आणि तिच्यावरची साच्याची सांधरेषाही नीट घासली आहे, हे मान्य करायला हवे. चेहऱ्यावरची छपाईही स्वच्छ आहे.

झिंकला आम्ही हलके समजत नाही. बिदरीकाम मुळात जस्ताचेच, त्यात थोडे तांबे. ते हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला जस्ताचा भारदस्तपणा समजावून सांगावा लागत नाही. राग आहे तो मांडीतल्या लबाडीचा. झिंकला लोहचुंबक चिकटत नाही. सांध्यात स्टीलची पिन असेल तिथे किंचित ओढ लागते, ते चालायचेच. पण या फिगरच्या दोन्ही मांड्यांच्या ऐन मध्यावर, पिनेपासून दूर, चुंबक टपकन बसतो. आत लोखंडाचा तुकडा कोंबलेला आहे. हातात घेताच फिगर जड लागावी एवढाच त्याचा उपयोग, आणि त्याला डायकास्ट म्हणत नाहीत.

दुसरा दोष याच तुकड्यातून निघतो. वजन पावलात असले की फिगर स्थिर उभी राहते. मांडीत असले की ते सगळे खुब्याच्या सांध्यावर लोंबकळते. डाव्या खुब्यात पाय पुढे उचलताना नऊ खटके वाजतात. उजव्यात तीन वाजतात, पुढे सांध्यातले दाते घसरतात आणि उचललेला पाय आपोआप खाली येतो. सांध्यालगत पांढरी भुकटी साचली आहे, ती झिजलेल्या प्लास्टिकची. असा भार घेणारे दाते पीओएमचे (कमी झिजणाऱ्या कठीण प्लास्टिकचे) हवेत. एबीएसचे दाते खटक्याच्या सांध्यात फार तग धरत नाहीत. कृपया ‘सांध्याला नेलपॉलिशचा थर द्या’ हा सल्ला पाठवू नये. तो उपाय सैल गोळीसांध्याला चालतो, तुटक्या दात्यांना नाही.

सर्वांत गंभीर बाब डाव्या पावलाची. टाचेच्या आतल्या, रंग नसलेल्या कडेला भेग आहे. २६ मार्चच्या फोटोत मोजपट्टीवर ती ४ मिमी आहे. १२ जुलैच्या फोटोत ७ मिमी, तिला दोन फाटे फुटलेले, आणि शेजारी रंगाला फुगवटा. ओतताना धातूचे दोन प्रवाह थंड होऊन नीट न मिळाल्यास रेघ राहते, पण ती आपण होऊन वाढत नाही, फाटे तर फोडतच नाही. ही लक्षणे ‘झिंक पेस्ट’ची आहेत (नावात पेस्ट असली तरी मलम नव्हे, कीड). झिंकमध्ये शिसे, कथील किंवा कॅडमियम मर्यादेबाहेर गेले की दमट हवेत धातू कणाकणांच्या सीमेवर गंजतो, फुगतो आणि शेवटी भुगा होतो. शिशाची मर्यादा ०.००५ टक्क्यांच्या आसपास असते. भंगार वितळवून ओतले तर ती पाळली जात नाही. यावर इलाज नाही, डिंकाने भेग बुजते, कीड थांबत नाही.

राहिला तुमचा उन्हाळा. पाऊल साडेचार सेंमी लांब आहे. तापमान २० अंशांनी वाढले तरी ते ०.०२५ मिमीही वाढत नाही, आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते. हा मिश्रधातू ३८० अंशांच्या पुढे वितळतो. गाड्यांचे कितीतरी कार्ब्युरेटर याच जातीच्या धातूचे असतात. तेही मे महिन्यातच, तापलेल्या इंजिनाला चिकटून चालतात.

तरी वेगळ्या बॅचमधली फिगर, धातूच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या) तपासणी अहवालासह, द्यावी. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम आणि परतीचा कुरिअर खर्च द्यावा. त्याच बॅचमधला दुसरा नग स्वीकारणार नाही. जाहिरातीत ‘७० टक्के’च्या पुढे ‘वजनाने’ की ‘आकारमानाने’ हे लिहावे आणि धातूचे भाग नावानिशी द्यावेत.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. फिगर, खोके आणि सुटे भाग तपासणीसाठी जपून ठेवले आहेत.

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही तारखांचे फोटो, काट्यावरील वजनांचे फोटो, चुंबकाचा व्हिडिओ