न्यूस्नर यांचे माप पुस्तकांच्या आकड्याने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जेकब न्यूस्नर यांच्यावरचा लेख वाचला. प्राचीन यहुदी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळते, याचेच अप्रूप वाटले. पण लेखाचा सगळा जीव 'नऊशेहून अधिक पुस्तके' या एका आकड्यात अडकला आहे, आणि न्यूस्नर यांच्यावर झालेली टीका 'प्रस्थापितांची पोटदुखी' म्हणून एका वाक्यात निकालात काढली आहे. दोन्हींबद्दल तक्रार आहे.

आकडा खोटा नाही. लिहिलेली, संपादलेली, भाषांतरित केलेली अशी सगळी धरली तर पुस्तके नऊशेच्या वर जातात. आपल्याकडे २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजू लागले, तेव्हापासून असल्या आकड्यांसमोर आपण जरा लवकरच हात जोडतो. पण लेखात एक साधी गोष्ट सुटली आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डला जन्मलेल्या न्यूस्नर यांचे वडील ज्यू साप्ताहिक चालवत. घर सुधारणावादी होते. यशिवात, म्हणजे पारंपरिक पाठशाळेत, मुले ज्या वयात अरामी ओळी घोकतात, त्या वयात हा मुलगा अमेरिकी सरकारी शाळेत जात होता. तालमूदशी, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) धर्मचर्चांच्या मोठ्या ग्रंथाशी, खरी गाठ पडली ती हार्वर्डची पदवी घेतल्यावर, न्यू यॉर्कच्या ज्युईश थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेत. पुढचे भांडण समजायला हे ठाऊक असावे लागते.

१९६२ साली त्यांनी रब्बान योहानान बेन झक्काई यांचे चरित्र प्रसिद्ध केले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले, तेव्हा यहुदी धर्म ज्यांनी वाचवला असे परंपरा सांगते, ते हे गुरू. बाबिलोनी तालमुदातली त्यांची कथा फार रंगतदार आहे. शहराला वेढा पडलेला, आतल्या बंडखोरांनी वेशी बंद केलेल्या. योहानान मेल्याचे सोंग घेतात, वास यावा म्हणून शेजारी काहीतरी कुजके ठेवून घेतात आणि शिष्य त्यांची तिरडी बाहेर काढतात. पहारेकरी प्रेतात भाला खुपसून बघणार असतात. त्यांना सांगितले जाते, 'रोमन म्हणतील, यांनी स्वतःच्या गुरूलाही भोसकले.' सुटका होते. मग ते सेनापती व्हेस्पाशियनला 'सम्राट' म्हणून हाक मारतात, आणि तेवढ्यात रोमहून निरोप येतो की तो खरोखरच सम्राट झाला. त्या क्षणी त्याच्या एका पायात जोडा असतो. आनंदाने पाय सुजतात. दुसरा जोडा चढत नाही, पहिला निघत नाही. योहानान त्याच्याकडे याव्हने गाव आणि तिथले विद्वान मागून घेतात.

१९६२ च्या पुस्तकात न्यूस्नर यांनी असल्या कथा चाळून, जुळवून सलग चरित्र उभे केले होते. त्याला बक्षीसही मिळाले. मग ते पुन्हा मुळाकडे गेले. हीच सुटकेची कथा रब्बींच्या इतर ग्रंथांपैकी 'आवोत दे-रब्बी नातान' मध्ये वेगळी आहे आणि 'एखा रब्बा' मध्ये आणखी वेगळी; तिथे योहानान याव्हने मागतच नाहीत, शहरच सोडून द्या म्हणतात. व्हेस्पाशियन सम्राट होणार हे भाकीत तर इतिहासकार जोसेफसने स्वतःच्याच नावावर सांगितले आहे. यातले बरेच मजकूर घटनेनंतर शतके उलटल्यावर आजच्या रूपात आले. १९७० साली न्यूस्नर यांनी दुसरे पुस्तक काढले, त्यात योहानान यांचे आयुष्य नाही. त्यांच्याविषयीची एकेक कथा कोणत्या ग्रंथात प्रथम दिसते आणि पुढच्या ग्रंथात कशी फुगते, याचा हिशेब आहे. पहिल्या चरित्राची पद्धत त्यांनी स्वतःच मोडीत काढली. अमुक रब्बीने अमुक वचन सांगितले असे तालमूद म्हणतो, म्हणून त्याने ते सांगितलेच असे धरता येत नाही. मिश्नाचे, म्हणजे तालमूद ज्यावर उभा आहे त्या नियमसंहितेचे, ऐकायचे ते इ. स. २०० च्या सुमाराचे म्हणून, बाबिलोनी तालमुदाचे ऐकायचे ते त्याच्या संकलनकर्त्यांच्या काळाचे म्हणून, हा त्यांचा आग्रह. आज या क्षेत्रात कोणी रब्बीचे चरित्र लिहायला बसला, तर हा प्रश्न त्याला चुकवता येत नाही. नऊशेपैकी आठशे पुस्तके कपाटातून काढली तरी हे राहील, असे माझे मत.

आता 'पोटदुखी'. ज्यांच्या टीकेला लेखात हे नाव मिळाले ते शॉल लीबरमन न्यूस्नर यांचे सेमिनरीतले शिक्षक. बेलारूसमधल्या मोतोल गावचे, स्लाबोद्काच्या यशिवात शिकलेले, ग्रीक-लॅटिनही पक्के. न्यूस्नर यांनी जेरुसलेम तालमुदाचे (तालमूद दोन आहेत, बाबिलोनी आणि हा) इंग्रजी भाषांतर भराभर खंडांमागून खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा लीबरमन यांनी त्याचे परीक्षण लिहिले. ते छापून आले १९८४ साली, लीबरमन वारल्यावर. भाषांतरकाराला रब्बींच्या हिब्रूचे, अरामी व्याकरणाचे आणि विषयाचेही भान नाही, असे ठरवून या भाषांतराची जागा केराच्या टोपलीत आहे, इथवर ते गेले. पण त्याच परीक्षणात न्यूस्नर यांचे स्वतंत्र निबंध गुणी आहेत, त्यांत चमकदार निरीक्षणे आणि शहाणे प्रश्न आहेत, असेही त्यांनी लिहून ठेवले. मत्सराने लिहिणारा ही ओळ घालत नाही. ओळीओळीला उदाहरण देऊन केलेली ती तपासणी होती, आणि भाषांतराच्या घाईपुरती ती बरोबर होती असे मला वाटते.

कडवटपणा होता तो दुसरीकडे. पीएच. डी.चे गुरू मॉर्टन स्मिथ यांच्या गौरवार्थ न्यूस्नर यांनी १९७५ साली चार खंडांचा ग्रंथ संपादित केला होता. त्याच स्मिथ यांनी १९८४ साली शिकागोला भरलेल्या बायबल-अभ्यासकांच्या वार्षिक अधिवेशनात, भर सभेत, न्यूस्नर यांच्याविरुद्ध बोलून लीबरमन यांच्या परीक्षणाच्या प्रती वाटल्या. न्यूस्नर यांची लेखणीही काही मवाळ नव्हती. ज्यांच्याशी बिनसले त्यांची यादी लांब आहे. ब्राऊन विद्यापीठातली बावीस वर्षेही शांततेत गेली नाहीत. लेखातले सोज्वळ ऋषितुल्य चित्र त्यांनाच ओळखू आले नसते.

पोप बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आपल्या येशूवरील पुस्तकात न्यूस्नर यांच्याशी पानेच्या पाने वाद घातला, हे लेखात आले ते उत्तम.

एक स्थानिक मुद्दा. 'आपल्या कोकणातल्या ज्यूंचेही हेच धर्मग्रंथ' हे लेखातले वाक्य इतके सरळ नाही. बेने इस्रायल समाजाने शनिवारचा विसावा, सुंता, 'शेमा' ची प्रार्थना, खाण्यापिण्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, पण तालमूद आणि रब्बी यांच्याशी त्यांचा संबंध आला तो फार उशिरा, कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंच्या ओळखीनंतर. मंदिर गेल्यावर रब्बींनी जे घडवले त्याच्या बाहेर राहूनही एक यहुदी समाज टिकला, ही गोष्ट न्यूस्नर यांच्या विषयाला अगदी लागून आहे आणि स्वतंत्र लेखाची आहे.

शेवटी एक विनंती. लीबरमन यांच्यावरही कोणाकडून तरी लिहून घ्यावे. त्यांनी आयुष्याची कित्येक दशके 'तोसेफ्ता' या मिश्नाला पूरक असलेल्या एकाच ग्रंथाची संशोधित आवृत्ती आणि भाष्य करण्यात घातली. १९८३ साली ते जेरुसलेमला निघाले असता विमानातच वारले, तेव्हा त्या ग्रंथाच्या सहापैकी तीन विभागांचे काम पुरे होऊन चौथ्याचे अर्धवट राहिले होते.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, ठाणे