बॅटरी निवडायची ग्राहकाने, मग अँपिअरचा आकडा कोणी सांगायचा?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ई-सिगारेटसोबत विकलेल्या १८६५० सेलवर छापलेले खोटे आकडे आणि बॅटरी निवडताना मिळालेला चुकीचा सल्ला

महोदय,

आपल्या कंपनीची दोन उपकरणे मी विकत घेतली. एक लहान, आत बॅटरी कायमची बसवलेले. दुसरे मोठे, १८६५० मापाचा सुटा, बदलता येणारा बॅटरी सेल घालून चालणारे, ८० वॉटचे. मोठ्यासाठी लागणारा सेलही आपल्याकडचाच, आपल्याच नावाच्या वेष्टनातला घेतला. तक्रार दोन्हींबद्दल आहे, पण मुख्य भांडण त्या सेलचे आहे.

खरेदीआधी मी आपल्या ग्राहक सेवेला विचारले होते की मोठ्या मॉडेलला कोणता सेल घ्यावा. उत्तर मिळाले, "जास्त एमएएचचा घ्या सर, जास्त वेळ चालेल." एमएएच म्हणजे सेलची क्षमता. सेल सतत किती अँपिअर करंट देऊ शकतो असे विचारले, तर म्हणे, "ते सगळं मशीन बघून घेतं." मशीन काय बघून घेते ते लवकरच कळले. ५० वॉटच्या पुढे नेले की दोन-चार झुरक्यांत पडद्यावर 'बॅटरी कमी' झळकते. सेल बाहेर काढावा तर मुठीत धरवत नाही इतका तापलेला. तोच सेल जरा निवू देऊन ३० वॉटवर लावला की पडद्यावरची पट्टी पुन्हा अर्ध्याच्या वर!

हे कळवल्यावर आपल्या सेवा केंद्राने लेखी उत्तर दिले की उपकरण जास्त वॉटवर वापरल्याने असे होते आणि ते वॉरंटीत बसत नाही. खोक्यावर ८० वॉट हा आकडा बोटभर उंचीच्या अक्षरांत आपणच छापला आहे. मग ५० वॉट 'जास्त' कोणत्या हिशेबाने?

हिशेब मीच मांडतो. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. वापरता वापरता व्होल्टेज उतरत जाते, आणि भार पडला की तेवढ्यापुरते आणखी खाली येते. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा ३.२ व्होल्टवर ८० वॉट हवे असतील तर सेलमधून २५ अँपिअर ओढावे लागतात. सर्किटमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर २७ च्या पुढे. आणि नामांकित उत्पादकांचे १८६५० सेल काय देतात? २५०० एमएएचचा चांगला सेल सतत २० अँपिअर देतो. ३५०० एमएएचचे सेल साधारण ८ ते १० अँपिअरवर थांबतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढ्याच जागेत क्षमताही भरायची आणि करंटही वाढवायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही. एक वाढवले की दुसरे घटते. म्हणजे "जास्त एमएएचचा घ्या" हा सल्ला या मॉडेलसाठी नेमका उलटा होता. कमी क्षमतेचा पण जास्त करंट देणारा सेल सांगायला हवा होता.

आता आपल्या सेलच्या वेष्टनाकडे या. त्यावर छापले आहे : ४८०० एमएएच, ४० अँपिअर. ४८०० हा आकडा २१७०० या मोठ्या सेलला शोभतो, १८६५० ला नाही. क्षमता मोजून दाखवणाऱ्या चार्जरवर लावल्यावर तो कसाबसा २१०० च्या आसपास भरला. ४० अँपिअरबद्दल विचारले तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले की तो 'क्षणिक' आकडा आहे. क्षण म्हणजे किती सेकंद, हे त्यांना सांगता आले नाही आणि वेष्टनावरही 'क्षणिक' असा शब्द कुठे नाही. सतत किती अँपिअर, हा एकच आकडा ग्राहकाला लागतो. नेमका तोच ना सेलवर आहे, ना खोक्यावर, ना माहितीपत्रकात. माहितीपत्रकात मात्र पडद्याचे रंग कसे बदलायचे याला दोन पाने दिली आहेत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. मोठ्या मॉडेलमध्ये सेलखालच्या धातूच्या पट्टीची कड धारदार राहिली आहे. सेल काढताना ती वेष्टनावर घासते. माझ्या सेलच्या तळाशी नखाएवढा निळा पापुद्रा उचकटला आणि आतला चकचकीत पत्रा उघडा पडला. या सेलचा अख्खा डबा ऋण टोक असतो, धन टोक फक्त वरच्या टिकलीपुरते. त्यामुळे वेष्टन फाटलेला सेल खिशात किल्ल्यांना किंवा नाण्यांना लागला तर शॉर्ट सर्किट व्हायला वेळ लागत नाही. ही माझी काल्पनिक भीती नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या, त्यातल्या ६१ वेळा उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात होती. असे असून आपण सुटा सेल साध्या पातळ पिशवीत पाठवला. एक प्लास्टिकची डबी देणे आपल्याला इतके जड होते का?

लहान मॉडेलबद्दल थोडक्यात. त्याला टाइप-सी पोर्ट आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी टोकाची केबल लावली की मुकाट्याने होते. याचे कारण उघड आहे. उपकरण जोडल्याची खूण चार्जरला देणारे जे दोन छोटे रेझिस्टर पोर्टमागे बसवायला हवेत ते बसवलेले नाहीत. काही पैशांची ही बचत आपण प्रत्येक ग्राहकाच्या माथी मारली आहे. शिवाय आतली बॅटरी थकली की काय करायचे, याला आपल्या केंद्राचे उत्तर "नवीन घ्या" एवढेच. बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बदलता यावी असा नियम युरोपीय संघाने २०२३ मध्येच केला असून तो फेब्रुवारी २०२७ पासून लागू होत आहे. तेव्हा "नवीन घ्या" हे उत्तर फार काळ पुरणार नाही.

एक खुलासा करतो, म्हणजे उत्तरात आरोग्याचा उपदेश येणार नाही. सिगारेट सोडण्यासाठी मी हे वापरतो. निकोटिन त्यातही आहे आणि ते निरुपद्रवी नाही, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार बॅटरीची आहे.

आत बंद असलेल्या बॅटरीची निवड कंपनी करते, तेव्हा जबाबदारीही कंपनीची असते. सेल बदलता येणारे मॉडेल विकले की ती निवड ग्राहकाकडे येते. ती त्याने कशाच्या आधारे करावी? एका १८६५० वर ८० वॉटचा दावा मुळातच ताणलेला आहे. दोन सेल एकामागे एक जोडले असते तर तेच काम प्रत्येकी साडेबारा ते चौदा अँपिअरमध्ये भागले असते.

तरी माझ्या मागण्या अशा. सेलची पूर्ण किंमत परत मिळावी. मोठे मॉडेल परत घ्यावे, किंवा सेलखालची ती पट्टी बदलून द्यावी आणि ते कोणत्या सेलवर किती वॉटपर्यंत सुरक्षित चालते हे लेखी कळवावे. हाच सेल ज्यांनी ज्यांनी घेतला, त्या सर्वांना आपण स्वतःहून कळवावे. लहान मॉडेलच्या खोक्यावर कोणती केबल चालत नाही ते छापावे. उत्तर लेखीच हवे, फोनवर नको. फोनवरच्या सल्ल्याचा अनुभव वर लिहिलाच आहे.

सेल परत पाठवा असे आपल्या केंद्राने सांगितले आहे. वेष्टन फाटलेला लिथियम सेल मी पार्सलमध्ये टाकणार नाही. तो दोन्ही टोकांना आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावून वेगळा ठेवला आहे. न्यायला आपला माणूस पाठवावा, किंवा बॅटरी संकलन केंद्रात जमा करून त्याची पावती चालेल का ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, सेलच्या वेष्टनाची छायाचित्रे, चार्जरवरील मोजणीचे छायाचित्र, सेवा केंद्राच्या उत्तराची प्रत