शिबिराच्या फॉर्मवर एक प्रश्न हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी कोथरूडला आमच्या सोसायटीत आरोग्य तपासणी शिबिर झालं. मी बत्तीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम केलं, म्हणून रिपोर्ट आले की शेजारीपाजारी माझ्याकडे येतात. तळमजल्यावरच्या वहिनी अगदी रडकुंडीला आल्या होत्या. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'हृदयविकाराचा धोका : जास्त' असं छापलेलं. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी 14. त्यांचा उजवा गाल सुजलेला मला समोर दिसत होता. दाढेत पू झाला होता. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन, शरीरात कुठेही संसर्ग झाला की वाढतं. हृदयासाठी ते 1 च्या खाली आहे की 3 च्या वर, एवढं बारीक बघायचं असतं. 10 च्या वर गेलं तर आधी दुखणं बरं होऊ द्यायचं आणि मग पुन्हा तपासायचं. शिबिरात त्यांना दाताचं कुणी विचारलंच नाही.

त्याच पॅकेजमध्ये एलपी-पीएलए-टू आणि मायलोपरॉक्सिडेज ही एन्झाइम्सही होती. रक्तवाहिनीतल्या दाहाशी त्यांचा संबंध आहे, हे खरं. पण एलपी-पीएलए-टूला रोखणारं डॅराप्लाडिब हे औषध हजारो रुग्णांना देऊन पाहिलं आणि 2014 मध्ये निकाल आले, तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही. असे आकडे सामान्य माणसाच्या हातात नुसतेच ठेवून काय साधतं?

आणि जी तपासणी हवी होती, ती यादीत नव्हती. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका कणाची तपासणी. डॉक्टर तिला 'एलपी लिटल ए' म्हणतात.

माझ्या धाकट्या भावाचं रक्त मी स्वतः काढलं होतं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तेव्हा वरचं सिरम नितळ, फिक्या मधासारखं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेलं असलं की ते ताकासारखं गढूळ दिसतं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 108 आलं. 'निर्धास्त राहा' असं मीच त्याला सांगितलं. दोन महिन्यांनी, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याला अटॅक आला. दोन स्टेंट घातले. नंतर एलपी लिटल ए केली, ती 112 मिलिग्रॅम निघाली. 50 च्या वर गेली की धोका वाढलेला धरतात. आमचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. हे मला ठाऊक असून मी तो धागा जोडला नाही, याची बोच अजून जात नाही.

हे प्रमाण बहुतांशी आईवडिलांकडून येतं आणि जन्मभर फारसं बदलत नाही. म्हणून युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच, प्रत्येक प्रौढाची ती आयुष्यात एकदा तरी करावी, असं सुचवलं. उपाशीपोटी यायचीही गरज नसते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी ती उतरत नाही, हे खरं. पण ती जास्त आहे हे कळलं, की डॉक्टर एलडीएल, रक्तदाब आणि साखरेकडे जास्त काटेकोरपणे बघतात, तंबाखू लगेच सोडायला लावतात. भावाच्या मुलाची तपासली, 88 आली. तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याने सिगारेट सोडली आहे.

पुण्यात दर रविवारी कुठे ना कुठे अशी शिबिरं होतात. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे : फॉर्मवर नाव, वय, वजन याच्या खाली एक ओळ छापा, 'घरात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का?' 'हो' असं उत्तर आलं, तर एन्झाइमांची लांबलचक यादी बाजूला ठेवून आधी एलपी लिटल ए करा. आणि सीआरपीसाठी सुई टोचण्याआधी सर्दी, ताप, दाढदुखी आहे का, एवढं विचारा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
कोथरूड, पुणे