कॅटफिशची ओळख रंगावरून नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या मत्स्यालयाच्या सदरात अनोळखी छोट्या कॅटफिशच्या (मिशा असलेल्या माशाच्या) एकाच फोटोवरून ‘अंगावर ठिपके आहेत, म्हणजे कोरिडोरस’ (छोट्या कॅटफिशांचा एक गट) असा निर्वाळा दिला जातो. नक्षी हा ओळखीचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. दक्षिण अमेरिकेत लांब तोंडाच्या आणि आखूड तोंडाच्या अगदी वेगळ्या जाती एकाच ओढ्यात, हुबेहूब एकाच नक्षीच्या सापडतात. त्यातून पकडलेला मासा घाबरून फिका पडतो आणि पिल्लांची नक्षी मोठेपणी टिकेलच असे नाही.

आधी अंग पाहावे. कॅटफिशला खवले नसतातच. कुशीवर कौले रचल्यासारख्या हाडांच्या पट्ट्यांच्या दोनच ओळी असतील आणि तोंडाशी आखूड मिशा असतील, तर कोरिडोरसचे कूळ. ओळी जास्त आणि तोंड म्हणजे खालून चिकटणारी चकती, तर प्लेको या काचेला चिकटणाऱ्या कॅटफिशचे. अंग गुळगुळीत असेल तर मिशा पाहाव्यात: खालच्या जबड्यावरच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असल्या, तर तो बहुधा आफ्रिकेतला सिनोडॉन्टिस. त्यात मत्स्यशेतीत पैदा केलेले संकर इतके विकले जातात, की कित्येकदा नेमकी जात सांगताच येत नाही. तसे सरळ सांगावे.

खरा घोळ होतो काचेला चिकटलेल्या चार सेंमीच्या पिल्लांपाशी. पाठीवरचा पर आणि शेपूट यांच्या मध्ये आणखी एक छोटा पर असतो, तो मेदपर. ब्रिसलनोज या तोंडावर दाढीसारखे तंतू असणाऱ्या प्लेकोला तो असतो, त्याच कुळातल्या छोट्या ऑटोसिन्क्लसला नसतो. मग पाठीच्या पराचे किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, मोजावेत. पुढचा काटा सोडून सात भरले तर ब्रिसलनोज किंवा हायपोस्टोमस हा दुसरा प्लेको. दहा किंवा जास्त भरले तर सेलफिन प्लेको, जो ४० सेंमीच्या पुढे जातो आणि छोट्या टाकीत मावत नाही. ‘दाढी नाही, म्हणून ब्रिसलनोज नाही’ हे चूक. दाढी वयात आलेल्या नराची. मादीला ती तुरळक असते किंवा नसतेच.

हे सगळे दिसायचे तर फोटो तसा हवा. जाळी वापरू नये. पाठीच्या आणि छातीच्या परांचे काटे मासा ताठ करून अडकवून ठेवतो, ते जाळीत गुंततात आणि ओढले की मोडतात. गुंतलेच तर जाळी कापावी, मासा ओढू नये. प्लॅस्टिकच्या भांड्याने हाकलून सपाट बाजूंच्या पारदर्शक डब्यात, टाकीतल्याच पाण्यात घ्यावा. काही कोरिडोरस घाबरले की विषारी स्राव सोडतात आणि थोड्या पाण्यात स्वतःच त्याने मरतात. म्हणून दोन-तीन मिनिटांत काम उरकावे, पाण्याला फेस आला तर ताबडतोब ताज्या पाण्यात हलवावे. बाजूने, वरून आणि तळातून तोंडाचा, असे तीन फोटो. प्रकाश वरून, फ्लॅश बंद, डब्याला मोजपट्टी चिकटवलेली. लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत धरावी, शेपटीचा पर मोजू नये. रंगाचा फोटो मात्र मासा टाकीत स्थिरावल्यावर वेगळा काढावा.

नावांबद्दलही सदरात गोंधळ आहे. १९८८ पासून प्लेकोंना जे ‘एल’ क्रमांक दिले जातात, ती शास्त्रीय नावे नव्हेत. एल १८, एल ८१, एल ८५ आणि एल १७७ हे चारही क्रमांक पुढे एकाच जातीचे ठरले. कोरिडोरसची २०२४ मध्ये फेरमांडणी झाली. पेपर्ड कोरी (कोरी म्हणजे कोरिडोरस) आता होप्लिसोमा आणि ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टर, तेव्हा जुनी-नवी दोन्ही नावे द्यावीत.

सदरासाठी प्रश्न मागवताना तिन्ही फोटो, लांबी आणि मासा कोणत्या देशातून आला हे कळत असेल तर तेही मागवावे. मिशा आणि पाठीचा पर दिसत नसेल, तर उत्तरात कुळाचे नाव देऊन थांबावे.

– मत्स्यालय बाळगणारे काही वाचक